सहलीतली चूल कोणाची?

नातेवाइकांसोबत सहलीला जावं की न जावं, हा विषय निघाला की आपल्याकडे दोन भाषणं तयार असतात. पहिलं पन्नाशीपुढच्यांचं: आम्ही वीस-वीस जण एका खोलीत झोपायचो, एका ताटात जेवायचो, आताच्या पोरांना आपली माणसंच नको झालीत, संस्कार कमी पडले. दुसरं तिशी-पस्तिशीतल्यांचं: वर्षातून आठ दिवस सुट्टी मिळते, त्यातही आत्याचे टोमणे आणि काकांच्या चौकश्या कशाला झेलायच्या? गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही दोन्ही भाषणं झाली. निमित्त साधं होतं. धाकट्या दीरांनी चौदा जणांनी मिळून चिखलदऱ्याला जायचं सुचवलं, आणि पुण्यातल्या पुतण्यानं ‘आम्ही चौघंच केरळला जातोय’ असं लिहिलं. दोन दिवस संदेशांचा पाऊस पडला, एक जण ग्रुप सोडून गेला, आणि चिखलदऱ्याचं नाव मग कुणी काढलं नाही. हाच वाद मी लग्नाच्या पंगतीत, नागपुरात अंबाझरी तलावाच्या बांधावर सकाळी फिरताना, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकत आले आहे. आणि दर वेळी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या सहली बंद पडल्या म्हणून आपण हळहळतो, त्या चालत होत्या कशाच्या जिवावर?

माझं मत आधीच सांगून टाकते. त्या सहली घरातल्या दोन-तीन बायकांच्या कष्टांवर उभ्या होत्या. पुढच्या पिढीतल्या बायका नोकरीला लागल्या, घर आणि नोकरी दोन्ही ओढताना थकल्या, त्यांनी नाही म्हटलं, आणि सहली थांबल्या. पोरांच्या संस्कारांशी याचा संबंध जोडणं म्हणजे मूळ गोष्ट झाकून ठेवणं. आणि तरीही या सहली परत सुरू व्हायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. मात्र काम आणि पैसा दोन्ही उघडपणे वाटून घेऊनच. वाटणी होणार नसेल तर पुतण्या केरळला जातोय ते बरोबरच आहे.

माझं आजोळ भिवापूरचं, मिरचीच्या गावचं. शाळेचा निकाल लागला की आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन इतवारी स्टेशनवरून नागभीडच्या छोट्या गाडीत बसायची. ती नॅरोगेज गाडी २०१९ साली रूळ मोठे करण्यासाठी बंद झाली तेव्हा किती जणांनी हळवं लिहिलं! मीही गलबलले. पण त्या गाडीनं आम्ही ज्या घरी पोचायचो तिथं मामी होती. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीपुढे जातो. मामी पहाटे चारला चूल पेटवायची, कारण दहानंतर त्या स्वयंपाकघरात उभं राहवत नसे. सोळा-सतरा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, मधल्या वेळेचं वेगळं, आणि त्याच दिवसांत कुरडया, शेवया, पापड, सांडगे. आम्हाला आठवतं ते कैरीचं पन्हं आणि अंगणात ओळीनं टाकलेल्या खाटा. काही वर्षांपूर्वी मी मामीला विचारलं, तुला त्या सुट्ट्यांमधलं काय आठवतं? ती म्हणाली, “पाणी. विहिरीवरून आणायचं ना, आणि त्यात तुम्हा साऱ्यांच्या आंघोळी.” थोडं थांबून म्हणाली, “तुम्ही गेल्यावर मी माह्या माहेरी जायची, चार दिवस. कधी कधी ते बी राहून जायचं.” मामाच्या गावाचं कौतुक करताना मामीचंही एक गाव असतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. याची मला लाज वाटते.

इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना एका छपराखाली राहणं, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवधर्म यांच्याबरोबर एक ठळक खूण सांगितली आहे: एका चुलीवर शिजलेलं अन्न खाणारी माणसं. ही खूण किती अचूक आहे ते आपली बोलीच सांगते. भाऊ वेगळे निघाले की आपण ‘चुली वेगळ्या झाल्या’ असंच म्हणतो. एकत्र सहल म्हणजे वेगळ्या झालेल्या चुली दोन-चार दिवसांसाठी पुन्हा एक करणं. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो की त्या एका चुलीपुढे बसायचं कुणी? जुन्या पिढीनं हा प्रश्न कधी विचारला नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं. नवी पिढी चूलच नको म्हणते आहे, कारण तिलाही तेवढंच एक उत्तर माहीत आहे.

म्हणून दुसऱ्या भाषणातले मुद्दे मी झटकून टाकणार नाही. ‘सुट्टी म्हणजे माझ्यासाठी स्वयंपाकघराची बदली’ असं माझी एक सहकारी शिक्षिका म्हणाली, तेव्हा तिला नात्यांचं महत्त्व सांगणं हा अन्याय झाला असता. लग्न कधी, मूल कधी, पगार किती, वजन का वाढलं, या प्रश्नांनी माणूस दमतो हेही खरं. ज्यांना हे प्रश्न विचारायची सवय आहे त्यांनी ती सोडावी. वय झालं म्हणून कुणाला दुखवायचा परवाना मिळत नाही. आणि एका बाबतीत तर मी नातेसंबंधांसाठी कसलीच सूट मागणार नाही. एका खोलीत वीस जण झोपायचे त्या आठवणीत सगळ्यांच्याच आठवणी गोड नाहीत. नात्यातलाच माणूस लेकरांच्या अंगाशी येतो आणि ‘घरचाच आहे’ म्हणून सगळे गप्प राहतात, हे आपल्याकडे होत आलं आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं नातेवाइकानं केलेला अत्याचार अधिक गंभीर धरला आहे, तो उगीच नाही. अशा माणसाला सहलीला बोलवायचं नाही, आणि का बोलवलं नाही ते मोठ्यांनी स्पष्ट सांगायचं. त्यासाठी नातं तुटत असेल तर तुटू द्यावं.

पैशाचा मुद्दा याहून अवघड, कारण तो कुणी बोलतच नाही. एक चुलतभाऊ पुण्यात संगणकाच्या नोकरीत, दुसऱ्याची काटोलकडे संत्र्याची बाग. ज्या वर्षी फळगळ होते त्या वर्षी त्याला रिसॉर्टची एक रात्रही परवडत नाही. मग तो ‘शेतात काम आहे’ म्हणतो, आणि आपण ‘त्याला माणसांची आवडच नाही’ म्हणतो. पुण्याचा भाऊ मोठ्या मनानं ‘सगळ्यांचं मी भरतो’ म्हणतो; त्यानं गोष्ट आणखी बिघडते. ज्याचे पैसे दुसऱ्यानं भरले तो माणूस त्या दोन दिवसांत कुठं जायचं, काय खायचं यावर तोंड उघडत नाही. तुम्ही तरी उघडाल का? माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच सहली भांडणानं मोडल्या नाहीत, या न बोललेल्या ओझ्यानं मोडल्या. उपाय फार मोठा नाही. ज्याच्याकडे सगळ्यांत कमी आहे त्याला झेपेल असं ठिकाण निवडायचं, डोक्यागणिक वर्गणी काढायची आणि हिशेब कागदावर ठेवायचा. नागपूरपासून रामटेक पन्नासेक किलोमीटर आहे. अदासा, धापेवाडा तसेच जवळ. पेंचच्या जंगलातल्या महागड्या खोलीपेक्षा रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावरची दुपार सगळ्यांच्या आवाक्यातली आहे. उत्साहाच्या भरात आपण ठिकाणापासून सुरुवात करतो. सुरुवात माणसांपासून करावी.

इथवर आल्यावर कुणी म्हणेल, एवढ्या अडचणी मान्यच आहेत तर हवीच कशाला ही सहल? मित्रांबरोबर जावं. मित्र आपण निवडलेले असतात, टोमणे मारत नाहीत, हिशेब चोख ठेवतात. नातेवाईक म्हणजे तर बहुतेक वेळा एकाच जातीची माणसं. मित्रांमध्ये तेवढी तरी मोकळीक असते. ही शेवटची गोष्ट मला पूर्ण मान्य आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच की सहलीत शेजाऱ्यांना, मुलांच्या मित्रांना बोलवायला कुणाची बंदी नाही. पण मित्र आपण निवडतो म्हणजे काय, हेही बघायला हवं. आपल्या वयाचे, आपल्यासारखं कमावणारे, आपल्यासारखं बोलणारे लोक आपण निवडतो. माझ्या वर्गातली किती तरी मुलं अशी आहेत ज्यांनी सत्तरीच्या माणसासोबत सलग दोन दिवस काढलेले नाहीत. ज्या घरात पाच पिशव्या खत आणायचं की तीन, यावर रात्रभर बोलणं चालतं, असं घर त्यांनी पाहिलेलं नाही. हे त्यांना कोण दाखवणार? शाळा दाखवू शकत नाही, मी तिथं पंचवीस वर्षं शिकवते आहे. ते आत्ते-मामे भावंडांत होतं, आणि तेही लग्नाच्या हॉलमध्ये तीन तास भेटून होत नाही.

दुसरं कारण अडीअडचणीचं. २०२१च्या एप्रिलमध्ये नागपुरात ऑक्सिजनसाठी आणि दवाखान्यातल्या खाटेसाठी धावाधाव चालली होती. आमच्याकडे तेव्हा मित्रही धावून आले, शेजारीही आले. त्यांचं श्रेय मी नातेवाइकांना देणार नाही. पण सासऱ्यांच्या उशाशी बसायला, रात्री-अपरात्री त्यांच्या औषधांच्या वेळा पाळायला जो भाचा आला, तो का आला? लहानपणी दर सुट्टीत त्यांनी त्याला सायकलवर बसवून फुटाळा तलावावर नेलेलं होतं. ज्या पुतण्याला ते वर्षातून एकदा पाया पडण्यापुरते भेटायचे, त्यानं पैसे पाठवले. त्याला मी दोष देत नाही. ज्या माणसाबरोबर आपण कधी राहिलोच नाही त्याच्या उशाशी कसं बसायचं, हे कुणाला कसं कळावं?

यावर एक तयार तोडगा आहे: टूर कंपनीला पैसे द्या, त्यांचे स्वयंपाकी बरोबर येतात, पुरणपोळीसुद्धा परदेशात मिळते, कुणावर भार नाही. लांबच्या आठ दिवसांच्या प्रवासाला हे उत्तम आहे. जिनं तीस वर्षं सगळ्यांना वाढलं, तिला कुणीतरी हातात ताट आणून देतं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. पण अशा दोन सहली मी केल्या आहेत. बसमध्ये प्रत्येक जण आपापल्या दोन सीटवर, प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाइल, जेवणाच्या वेळी रांग. आठ दिवसांनी परतलो तेव्हा जावेच्या मुलाबद्दल मला नवीन काहीही कळलेलं नव्हतं. काम पूर्णच काढून घेतलं की माणसांना एकमेकांची गरज उरत नाही. पाटा जड आहे, जरा धर. निखाऱ्यांची आर जास्त झाली, बाजूला ओढ. मीठ चाखून बघ. माणसं जवळ येतात ती अशा बारीकसारीक कामांमधून, असं मला तरी दिसत आलं आहे. एकीच्या डोक्यावरचं काम काढून ते पगारी माणसाला दिलं, तर तिची सुटका होते आणि ती हवीच. पण बाकीचे तेरा जण होते तसेच पाहुणे राहतात.

‘पुरुषांना जमत नाही’ हे मात्र मला कुणी सांगू नये. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या डोंगरात नागद्वारीची यात्रा असते. विदर्भातली किती तरी मंडळं तिथं जाऊन जंगलातल्या वाटेवर चुली मांडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो यात्रेकरूंना जेवू घालतात. हा स्वयंपाक कोण करतं? बहुतेक सगळे पुरुष. पावसात, ओल्या लाकडांवर, डोंगरउतारावर. रोडगे तर आमच्याकडे पुरुषांचंच काम: गोवऱ्यांची आर पाडायची, जाड दळलेल्या कणकेचे गोळे त्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे. म्हणजे हात आहेत, कसबही आहे. देवाच्या वाटेवर जे जमतं ते घरच्या सहलीत का जमू नये? तिथं ते पुण्य मानलं जातं, इथं तेच काम बाईचं मानलं जातं, एवढाच फरक.

आणि ‘एवढी माणसं घेऊन प्रवास करायचे दिवस गेले’ असं म्हणणाऱ्यांनी दसऱ्याला नागपूर स्टेशनवर एकदा उभं राहावं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, आणि ती एकेकटी येत नाहीत. आजी, सुना, नातवंडं, शेजारची म्हातारी, कडेवरचं लेकरू, सोबत बांधून आणलेल्या भाकरी. कुणी नागपुरातल्या नातेवाइकांकडे उतरतं, कुणी शाळेत, कुणी मोकळ्या जागेत. जाताना पुस्तकं घेऊन जातात. यातल्या फार थोड्यांकडे रिसॉर्टचे पैसे असतील. वस्त्यावस्त्यांतून त्यांच्यासाठी जेवणाचे मंडप उभे राहतात, त्यात तरुण पोरं वाढायला असतात. महाराष्ट्रातला हा एवढा मोठा कौटुंबिक प्रवास आपल्याच शहरात दरवर्षी होतो, आणि आपण मात्र चौदा जणांचं जमत नाही म्हणून पोरांना दोष देतो.

जमत नाही त्याची काही कारणं घराबाहेरही आहेत, आणि संस्कारांचं भाषण त्यांच्याकडे कधी वळत नाही. रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात. चौदा माणसांची तीन तिकिटं, तीन डबे. आजी एका डब्यात, तिच्या गोळ्या दुसऱ्यात. ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती पुन्हा सुरू झालेली नाही. साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना पन्नास टक्के सूट होती. तिकीट महागलं की सगळ्यात आधी कुणाचं नाव कापलं जातं? आजी-आजोबांचं, आणि बहुतेकदा ते स्वतःच ‘आम्हाला नाही झेपत’ म्हणून कापून घेतात. याच्या उलट एसटीनं काय केलं ते बघा. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई त्यानंतर स्वतःहून म्हणायला लागल्या, “चला न, कुठं जायचं?” संस्कार तेच होते, भाडं बदललं होतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला गावी जाण्यासाठी प्रवास सवलत मिळते आणि त्यात अवलंबून असलेले आईवडीलही कुटुंबात धरले जातात. म्हणजे माणसानं आपल्या माणसांकडे जावं हे सरकारलाही कधी काळी पटलेलं होतं. शाळांचंही तेच. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, ते योग्यच आहे. पण पुण्या-मुंबईची भावंडं जूनच्या मध्यावर परत जातात, त्यात बोर्डाबोर्डाची वेळापत्रकं निराळी. सगळ्यांना सामाईक असे दिवस उरतात किती? आठ की दहा?

१८५७ साली विष्णुभट गोडसे कोकणातल्या वरसईहून आपल्या काकांसोबत उत्तरेकडे निघाले. ते बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, आणि तरीही परतताना आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. म्हाताऱ्यांना तिथवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून नदीच घरी आणली. आज नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, गाडीत मागची सीट रिकामी आहे, आणि आपण आईवडिलांसाठी घरी काय आणतो? फोनमधले फोटो.

या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, आम्ही बारा जण खिंडसीजवळ ओळखीच्यांच्या शेतात दोन दिवस राहून आलो. कामं आधी कागदावर लिहिली, नावानिशी. पीठ दळून आणणं पुण्याच्या पुतण्याकडे होतं; तो केरळला जाऊनही आला आणि इथंही आला. गोवऱ्या आणि आर दीरांकडे, वांगी-आलूची भाजी माझ्या यजमानांकडे, भांडी पोरापोरींकडे, अंथरुणं माझ्याकडे. काटोलच्या भावानं संत्री आणली, ती वर्गणीत धरली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पहिले वीस-पंचवीस रोडगे आतून कच्चे निघाले. हिशेबावरून दोघा भावांची थोडी वाजली, पण समोरासमोर वाजली आणि रात्री मिटली. मोठ्या जाऊबाईंना बसवेना. तीनदा उठून चुलीकडे गेल्या, तीनदा पुतण्यानं त्यांना हाताला धरून सतरंजीवर आणलं. पहिल्या पंगतीला त्यांचं पान वाढलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पोट्टेहो, भाजीत सांभार टाकाले विसरले तुम्ही.” पुतण्या कोथिंबीर आणायला शेताच्या बांधाकडे पळाला.